जुन्या मोटारीला पत्रा घेताना

बेणे घेताना आपण नुसता ऊस मागत नाही. को ८६०३२ आहे का, असे जातीचे नाव विचारतो. मोटारीचे दार किंवा बॉनेट भंगारातून घेताना मात्र 'मारुती आठशेचे द्या' एवढ्यावरच व्यवहार होतो आणि पैसे वाया जातात.

मारुती ८०० आली १९८३ साली. १९८६ मध्ये तिची सगळी बॉडी बदलली. १९९७ साली तोंडाची ठेवण बदलली. २०१४ साली उत्पादन थांबले आणि जुन्या पत्र्यावरची भिस्त वाढली. नाव एक, पण पत्रा एक नाही. म्हणून आरसी पुस्तकातले उत्पादनाचे साल लिहून न्यावे. जमल्यास जुना भागच बरोबर नेऊन बिजागरीची भोके व कुलपाची जागा ताडून पाहावी. बॉनेटचे कुलूप नीट बसले नाही, तर धावत्या गाडीत ते उघडून काचेवर येते. मग जिवावर बेतते.

गाडी कुठे वापरली, तेही विचारावे. महाबळेश्वर, पाटण, शिराळ्याच्या पावसात पत्रा लवकर गंजतो. माण, आटपाडी, जतच्या कोरड्या हवेत अधिक टिकतो. दाराची खालची कड आतून पाहावी. कापडात गुंडाळलेले लोहचुंबक पत्र्यावरून फिरवावे. जिथे ते धरत नाही, तिथे रंगाखाली लांबीचा जाड थर आहे, असे समजावे.

विकणाऱ्याच्या नाव-पत्त्याची पावती घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत. माल चोरीचा निघाला, तर तीच कामी येते. आणि दार बसवण्यापूर्वी त्याच्या तळाची पाणी निघायची भोके मोकळी करावीत. पाणी साचले की मूळ कुजते, तसाच पत्राही.