अल्पवयीनांचे लिंगबदल उपचार आणि कायदा

अल्पवयीनांवरील लिंगबदल उपचारांना मनाई करणारे कायदे अमेरिकेतील वीसहून अधिक राज्यांनी केले असून, टेनेसी राज्याचा असा कायदा तेथील सर्वोच्च न्यायालयाने १८ जून २०२५ रोजी वैध ठरविला. वयात येणे लांबविणारी औषधे व संप्रेरके या कारणासाठी मुलांना देता येत नाहीत. मात्र अकाली वयात येणाऱ्या बालकास तीच औषधे चालतात आणि जन्मजात व्यंगावरील उपचारही मनाईतून वगळले आहेत.

आपल्याकडे प्रश्न उलट बाजूने न्यायालयात आला. मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई पीठाचे न्या. जी. आर. स्वामिनाथन यांनी २२ एप्रिल २०१९ रोजी, जननेंद्रियांची रचना संदिग्ध असलेल्या बालकांवरील शस्त्रक्रिया, जीवितास धोका असल्याखेरीज, रोखण्याचे निर्देश दिले. पालकांची संमती ही बालकाची संमती नव्हे, हे त्यामागील सूत्र. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तामिळनाडू सरकारने तसा आदेश काढला. तेथे मूल मागते ते नाकारले गेले. येथे मुलाने न मागितलेले रोखले गेले. आम्हांस दुसरा विचार वैद्यकधर्माशी अधिक सुसंगत वाटतो. २०१९ च्या केंद्रीय तृतीयपंथी हक्कसंरक्षण कायद्यात अल्पवयीनांच्या उपचारांस मनाई करणारे कलम नव्हते.

कृष्णशास्त्री पुराणिकांनी १८७२ मध्ये जेथे धूतपापेश्वरची स्थापना केली, त्या पनवेलीत घरातील अवघड गोष्ट प्रथम वैद्यांच्याच कानी घातली जाते. “मुलाचे वागणे मुलीसारखे आहे, काही औषध द्या,” असे म्हणणाऱ्या पालकांस वाजीकरणाचे पाठ देणे हा उपचार नव्हे. चरकाने शारीरस्थानाच्या दुसऱ्या अध्यायात ज्या आठ अवस्था सांगितल्या, त्या गर्भविचाराच्या संदर्भात. मुलाच्या सवयींच्या नव्हे. (आजच्या संज्ञांशी त्यांची जुळणी करण्याचा मोह मात्र टाळावा.) राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ऑगस्ट २०२२ मध्ये लैंगिक कल वा लिंगभाव ‘बदलण्याचे’ उपचार व्यावसायिक गैरवर्तन ठरविले. ती सूचना आधुनिक वैद्यकाच्या परिषदांना उद्देशून होती; म्हणून आपण मोकळे आहोत, असे कोणी समजू नये.

औषधविक्रेत्यांची जबाबदारी याहून निकडीची आहे. स्त्री व पुरुष संप्रेरके अनुसूची ‘एच’मधील असूनही चिठ्ठीवाचून मागितली जातात. संप्रेरकांसाठी डॉक्टरांकडे जाण्याची सोय नसलेले काहीजण गर्भनिरोधक गोळ्यांचा आधार घेतात. त्यांतील इस्ट्रोजेनमुळे रक्तात गुठळी होण्याचा धोका असतो आणि तपासणी कोणीच करीत नाही. असा किशोर दुकानी आल्यास त्यास हुसकावू नये, घरी कळवू नये. शासकीय रुग्णालयातील मनोविकारतज्ज्ञ व संप्रेरकतज्ज्ञ यांची नावे कागदावर लिहून द्यावीत.