गुडघा दुखतो म्हणून खाट धरू नका

भोपाळच्या आसपास सोयाबीनची कापणी आली, की दिवसभर उकिडवे बसणाऱ्यांचे गुडघे कुरकुरू लागतात. मार्च-एप्रिलात गहू निघतो तेव्हा पुन्हा तेच. मग घरोघरी सल्ला मिळतो, "वंगण संपले, आता खाटेवर पडून राहा." वंगण असे संपत नाही, आणि पडून राहणे तर नुकसानीचेच, असे आम्हांला सांगावयाचे आहे.

सांध्यातील हाडांच्या टोकांवर कूर्चेचा गुळगुळीत थर असतो. या कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. तिचे पोषण होते सांध्यातील चिकट द्रवातून. पाऊल टाकले की ती दाबली जाते, उचलले की ओल्या स्पंजासारखी द्रव शोषून घेते. सांधा हललाच नाही तर कूर्चा उपाशी राहते. वाढते वय, जादा वजन, जुनी दुखापत, वर्षानुवर्षांची ओझी व उकिडवे काम यांनी हा थर खडबडीत व पातळ होतो, कडेने हाड वाढते, सूज येते. यालाच अस्थिसंधिवात म्हणतात. यात सकाळी आखडलेला गुडघा बहुधा अर्ध्या तासात मोकळा होतो. तासभर आखडत असेल, बोटांचे सांधे सुजत असतील, किंवा सांधा लाल होऊन ताप येत असेल, तर दुखणे वेगळे असू शकते. डॉक्टरांकडे लगेच जावे.

झिजलेली कूर्चा परत आणणारे औषध अजून निघालेले नाही. पण मांडीचा स्नायू बळकट असला की गुडघ्याला आधार मिळतो. खुर्चीवर बसून पाय सरळ करावा, पाच आकडे मोजून खाली घ्यावा; असे दहा वेळा, दोन्ही पायांनी, रोज. गुण यायला दोन-तीन महिने लागतात, आणि बहुतेकजण पंधरा दिवसांतच कंटाळतात! वजन एक किलो उतरले तर पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो. निंदणीला बुटके स्टूल घ्यावे. काठी दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरावी. मिस्सेत गुडघे टेकवत नसतील तर निःसंकोच बसावे.

बाजारात मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्यांपासून मात्र दूर राहा. त्यांत पुष्कळदा स्टेरॉइड असते. चार दिवस बरे वाटते, पुढे साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात. वेदनाशामक गोळ्याही रोज मनाने घेतल्यास जठर व मूत्रपिंड बिघडतात.

एवढे करूनही रात्री झोप लागत नसेल, तर शस्त्रक्रियेचा विचार करावा. कृत्रिम गुडघ्याच्या किमतींवर केंद्र सरकारने ऑगस्ट २०१७ मध्ये मर्यादा घातली. भोपाळच्या एम्समध्ये अस्थिरोग विभाग आहे. जाताना चालू गोळ्यांची पाकिटे व जुने एक्स-रे बरोबर न्यावेत. नवा काढावयाचा झाल्यास तो उभे राहून काढलेला बरा, झीज त्यातच नीट दिसते.