बाळाचे हात वाचताना

जतच्या एखाद्या वाडीवरून सांगलीच्या, अथवा माणमधून साताऱ्याच्या सरकारी रुग्णालयाकडे पहाटेची एस.टी. धरून निघालेली आई, दोन-तीन खेपा घालून अखेर जेव्हा मुलाच्या अंधत्वाचा दाखला पदरात पाडून घेते, तेव्हा त्यावर दृष्टिदोषाची टक्केवारी असते, सही असते, शिक्का असतो. परंतु उद्या सकाळी या मुलाला खाली सोडावे की कडेवरच ठेवावे, याविषयी त्यात चकार शब्द नसतो. दाखला निरुपयोगी आहे असे मला मुळीच म्हणावयाचे नाही. निराधार योजनेच्या अर्जापासून प्रवासाच्या सवलतीपर्यंत कोणत्याही कचेरीत प्रथम तोच मागितला जातो. किमान ४० टक्के दिव्यांगत्व असलेल्या मुलास ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्कही २०१६ च्या कायद्याने दिला आहे. मात्र त्या हक्काची मुदत सहाव्या वर्षी सुरू होते, आणि तोवर मूल घरात, घरच्यांच्या समजुतीप्रमाणे, वाढून बसलेले असते.

डोळस तान्हे मान उचलते ते काहीतरी दिसते म्हणून, आणि रांगते तेही पुढ्यातली वस्तू खुणावते म्हणून. ज्याला दिसत नाही त्या बाळाला असे निमंत्रण मिळतच नाही. खुळखुळा वाजला तरी तो आवाज म्हणजे हाताने धरण्याजोगी वस्तू आहे, हे उमगावयास त्याचे पहिले वर्ष सरत येते. शिवाय ते नजर मिळवीत नाही. आई बोलू लागली की उलट निश्चल होते, आणि दिवसभर राबून जवळ आलेल्या त्या माउलीला वाटते, हे मला ओळखतच नाही. वस्तुतः ते कान देऊन ऐकत असते. सेल्मा फ्रायबर्ग या अमेरिकन विदुषीने अंध अर्भकांच्या घरोघरी जाऊन केलेली निरीक्षणे १९७७ साली ग्रंथरूपाने मांडली. त्यांतील मर्म हे, की अशा बाळाचे मन चेहऱ्यावर शोधू नये, हातांत शोधावे. मुद्रा निर्विकार असतानाही बोटे पदर चाचपीत असतात. हे एकदा कोणी शेजारी बसून दाखवून दिले, की उचलण्यापूर्वी हाक मारावी, खुळखुळा दोन्ही तळहातांच्या मधोमध द्यावा, न्हाऊ घालताना हात, पाय, पाठ यांची नावे घेत बोलावे, हे सारे आईला आपसूक सुचू लागते. त्यास यंत्र लागत नाही की अनुदानाची मंजुरी लागत नाही. लागते ते शेजारी बसणारे माणूस, आणि नेमकी त्याचीच तजवीज आपल्याकडे विरळा. अंगणवाडी सेविका नि आशाताई दारापर्यंत येतातच. फिरत्या विशेष शिक्षकाने शाळेच्या पटाची वाट न पाहता त्यांच्यासोबत ओसरीवर यावे, इतकेच.

दाखला असलेल्या पुष्कळ मुलांना अंधूक का होईना, काही दिसत असते. चकाकत्या स्टीलच्या ताटात ज्वारीची पांढरी भाकरी वाढली तर ती अशा मुलाला सापडत नाही, आणि घरचे म्हणतात, ‘याला जेवायचंच नसतं’. तीच भाकरी गडद रंगाच्या थाळीत ठेवली तर ते आपल्या हाताने तुकडा मोडते. उंबरठ्यावर चुन्याचा रुंद पट्टा ओढावा, पाण्याचा तांब्या रोजच्या जागेवरून हलवू नये, असल्या गोष्टी एका बैठकीत सांगता येतात.

त्याहून अवघड काम आजीचे. ‘बिचारं’ म्हणून ती पाचव्या वर्षापर्यंत घास भरविते. तिच्या मायेला दोष कसा द्यावा? पण त्या मायेने मुलाचे हात मात्र रिकामे राहतात. मिरजेच्या आसमंतात आणखी एक सल्ला हमखास मिळतो, की याला गाण्याला घाला. तंबोऱ्यांचे गाव ते. तथापि अंध मूल म्हणजे गवई, हे समीकरण मला कधीच पटले नाही. त्याला गणित आवडू शकते, भांडणेही आवडू शकतात.

काही अंधत्व तर टळण्याजोगे असते. ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या अथवा २ किलोहून कमी भरलेल्या बाळाचा दृष्टिपटल ३० दिवसांच्या आत तपासून घ्यावा, हे बाळंतिणीला रुग्णालयातून सोडतानाच निक्षून सांगितले पाहिजे. मुदत टळली की बहुधा उपाय उरत नाही.

पुढे शाळेचा प्रश्न येतो. पुण्याची अंधशाळा १९३४ सालची. तिच्यासारख्या निवासी शाळांत ब्रेल, पांढरी काठी, सोबती, सारे मिळते, पण सहा वर्षांचे मूल वसतिगृहात सोडून परतणाऱ्या बापाच्या मनास ‘टाकून आलो’ ही बोचणी लागते. गावच्या शाळेत ठेवले तर घर सुटत नाही, पण ब्रेल शिकविणारा रोज भेटत नाही. यात बरोबर एकच मार्ग आहे असे सांगणाऱ्यावर मी विश्वास ठेवणार नाही. या वाटेने आधी गेलेल्या दुसऱ्या आईबापांशी गाठ घालून देणे, हे मात्र कोणत्याही समुपदेशनाहून अधिक धीर देते.

लुई ब्रेल १८०९ साली जन्मला तो पॅरिसजवळच्या कुव्रे गावी, खोगिरे शिवणाऱ्याच्या घरी. तीन वर्षांचा असताना बापाच्याच कर्मशाळेतले धारदार हत्यार त्याच्या डोळ्यात गेले, आणि दुसराही डोळा हळूहळू गेला. त्या बापाला काय वाटले असेल, हे कोणाही बापाला सांगावयास नको. पण मुलाला कोपऱ्यात न बसविता त्याने एक फळी घेतली, तिच्यावर अक्षरांच्या आकाराने खिळे ठोकले, आणि लुईचे बोट धरून त्या खिळ्यांवरून फिरविले.