आधी काय, मग काय?

वडूजच्या शिवारात विहिरीवरची मोटर सुरू झाली, की पाइपातून भसाभसा पाणी येतं. पण पाइप पंपाला कशानं जोडलाय, ते कधी निरखलंय? जाड लोखंडी चकती, तिच्या कडेनं भोकं, भोकांत बोल्ट. हीच फ्लँज!

असे पंप बनतात शेजारच्या सांगली जिल्ह्यात. आपल्या खटाव तालुक्यातल्या औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांना कुंडलजवळच्या माळावर जागा दिली. तिथं किर्लोस्करवाडी वसली. आधी लोखंडी नांगर झाले, पुढे पंप.

समजा, कॉम्प्युटरवर पंपाच्या एका भागाचं त्रिमितीय चित्र तयार आहे. तो भाग घडवायला करायची सुरुवात? छे! चकलीचा फोटो बघून कृती थोडीच कळते? कोणतं काम आधी, कोणत्या मशिनवर, जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा, कुठं पकडायचा, हे चित्र सांगत नाही. सहा कामं ७२० क्रमांनी लावता येतात. दहा कामं असली, तर ३६ लाखांहून जास्त! त्यातले बहुतेक क्रम फसणारे. खडबडीत ओतीव पृष्ठभागावर ड्रिल घसरतं, म्हणून आधी तो सपाट करायचा. बारा मिलिमीटरच्या नेहमीच्या बोल्टसाठी आटे पाडायचे, तर भोक १०.२ मिलिमीटरचंच हवं. आटे पाडायला धातू शिल्लक राहायला नको?

मुरलेले कारागीर हा क्रम कागदावर मांडून देतात. आता कॉम्प्युटरही त्यात हात घालतो. त्याला चित्रात दिसतात फक्त पृष्ठभाग: हा सपाट, तो गोल. मग तो विचारतो, गोल भिंतीचा धातू कुठल्या बाजूला? आत असेल तर दांडा, बाहेर असेल तर भोक! भोकाला तळ आहे का? नसेल, तर ते आरपार. भोक ओळखलं की नियम लागू: आधी ड्रिल, आणि आटे हवे असतील तर ते नंतर. मुंबईच्या जिओमेट्रिक कंपनीनं अनेक वर्षं सांभाळलेली ‘कॅमवर्क्स’ प्रणाली असं ओळखण्याचं काम करते. तरी पातळ भाग पकडताना वाकेल का, हे बघायला अनुभवी माणूस लागतोच.

आता तुमची पाळी! षटकोनी सळईपासून नट करायचाय. कामं तीन: आटे पाडणं, तुकडा कापणं, भोक पाडणं. क्रम लावा. आणि हो, तुकडा आधी कापला तर काय पंचाईत होईल, तेही लिहा!