पेजेतला दाणा

निशिकासाई, टोकियो

टोकियोतल्या कुठल्याही मोठ्या औषधांच्या दुकानात बाळांच्या खाण्याची एक अख्खी मांडणी असते. पुड्या, बाटल्या, चिमुकले वाडगे. त्यांवर भोपळ्याची, गाजराची, माशाची चित्रं आणि प्रत्येक वेष्टनावर एक ठळक आकडा: ५, ७, ९ किंवा १२. हे बाळाचे महिने. जपानी आई चव नंतर बघते, आधी हा आकडा बघते. ५ च्या बाटलीतला भोपळा एकजीव सरबरीत असतो. ७ च्या पुडीत जिभेला कण लागतात, ९ च्या पुडीत तुकडे दिसतात आणि १२ च्या वाडग्यातलं जेवण चावावंच लागतं. निशिकासाई हा पूर्व टोकियोतला, भारतीय कुटुंबांनी गजबजलेला भाग. इथे नव्याने आलेल्या मराठी आईला हे आकडे आधी गमतीचे वाटतात. मुलाला सातवा महिना लागला की मात्र शेजारीण विचारते, ‘अजून दाणा ठेवत नाही?’ मग ती गंमत उरत नाही.

आपल्याकडे बाळाला वरचं खाणं कधी सुरू करायचं यावर घराघरांत चर्चा होते. उष्टावणाचा दिवस ठरतो, मामाला बोलावणं जातं. पण सुरू केल्यानंतर ते खाणं दाट कधी करायचं, त्यात गाठी कधी ठेवायच्या, हा प्रश्न आजीच्या अंदाजावर सुटतो किंवा सुटतच नाही. जपानने नेमका हा मधला रस्ता आखून ठेवला आहे. आरोग्य मंत्रालयाची स्तनपान आणि वरच्या अन्नाविषयीची मार्गदर्शिका २००७ साली निघाली आणि २०१९ मध्ये सुधारली गेली. त्यातला एकपानी तक्ता इथे पुस्तकांत, मासिकांत, आरोग्य केंद्राच्या भिंतीवर सगळीकडे भेटतो. सुरुवात पाच-सहा महिन्यांपासून, शेवट साधारण बारा ते अठरा महिन्यांच्या दरम्यान, आणि मध्ये चार टप्पे. टप्प्यांची बोलीतली नावं बाळाच्या तोंडाच्या आवाजांवरून पडली आहेत: गोक्कुन, मोगुमोगु, कामिकामि, पाकुपाकु. गिळणं, जिभेने चिरडणं, हिरडीने चावणं आणि मग आपलं आपण गट्टम करणं.

सगळ्याचा पाया भातच. सुरुवातीला एक भाग तांदळाला दहा भाग पाणी घालून पेज करतात आणि ती घोटून गुळगुळीत करतात. पुढे पाणी सातपट, मग पाचपट, मग आपल्या गुरगुट्या भातासारखा मऊ भात आणि शेवटी घरातल्या सगळ्यांचा भात. पाणी कमी होत जातं आणि दाणा हळूहळू वर येतो. कोकणातल्या माणसाला यात नवल वाटायचं कारण नाही. पेज, आटवल, मऊ भात ही उतरंड आपल्याकडेही आहे. ती आपण आजाऱ्यासाठी जपली, बाळासाठी मात्र मिक्सर घेतला.

मिक्सरवर माझा राग आहे, तो इथे आल्यावर वाढला. जपानी स्वयंपाकघरात सुरिबाची नावाचा मातीचा खल असतो. आतून त्याला रेघारेघांच्या खाचा असतात आणि घोटायला लाकडी बत्ता. त्यात शिजलेलं गाजर घोटताना हात कुठे थांबवायचा हे आपल्या हाती असतं. आज गुळगुळीत, पुढच्या आठवड्यात थोडं रवाळ, त्यानंतर नुसतं काट्याने कुस्करलेलं. मिक्सरचं बटण दाबलं की पाचव्या महिन्याची आणि अकराव्या महिन्याची वाटी सारखीच होते. पूर्वी आपली आजी हे काम बोटांनी करायची. वरणभात कालवताना प्रत्येक शीत तिच्या चिमटीतून जायचं. कडक राहिलेलं बाजूला व्हायचं, मऊ तेवढं घासात जायचं. ती बोटं जे मोजत होती, तेच इथे तक्त्यात लिहिलं आहे.

पण तक्ता महिन्यांवर चालतो असं समजणं चूक. वॉर्डाच्या आरोग्य केंद्रात पोषणतज्ज्ञ आयांसाठी वर्ग घेतात, तिथे सगळा भर बाळाच्या तोंडाकडे बघण्यावर असतो. पाच-सहा महिन्यांच्या बाळाची जीभ पुढे-मागे एवढीच हलते. चमचा खालच्या ओठावर टेकवायचा आणि वरचा ओठ आपणहून मिटेपर्यंत थांबायचं. घास वरच्या हिरडीला पुसून आत सारायचा नाही. ओठ मिटून घास मागे नेणं आणि गिळणं, एवढाच त्या वयाचा अभ्यास. सात-आठ महिन्यांत जीभ वर-खाली होऊ लागते आणि मऊ वस्तू टाळूवर दाबून चिरडते. म्हणून इथलं माप तोफूचं: तोफूइतकं मऊ असेल तेच द्यायचं. या वेळी ओठांचे दोन्ही कोपरे एकदम, सारखे हलतात. नवव्या महिन्याच्या आसपास जीभ डावी-उजवीकडे वळायला शिकते, घास गालाच्या बाजूला नेऊन हिरडीवर ठेवते, आणि ज्या बाजूने चावणं चाललं आहे त्या बाजूचा कोपरा खेचला जातो. हे दिसलं की माप पिकलेल्या केळ्याचं. वर्षानंतर ते खिम्याच्या मऊ गोळ्याचं होतं. पहिल्या दाढा साधारण वर्ष ते दीड वर्षात येतात, म्हणजे तोवर सगळं चावणं हिरड्यांचंच. दात नाहीत म्हणून पातळच द्यायचं, हा आपल्याकडचा ठाम समज इथे कोणाला सांगितला तर लोक नम्रपणे हसतात.

दुसरा समज ‘बारीक चिरलं की झालं’ हा. सात महिन्यांच्या बाळाला उकडलेल्या गाजराचे बारीक कण दिले तर ते तोंडभर विखुरतात. ते गोळा करून एक घास करणं त्या जिभेला अजून जमत नसतं, मग बाळ ते थुंकतं आणि आई म्हणते, याला गाजर आवडत नाही. इथे त्यावर साधा इलाज आहे: बटाट्याचं सत्व पाण्यात कालवून, गरम करून त्या कणांना दाटसर बांधून घ्यायचं. माशाचे कोरडे धागे, खिमा, पालेभाजी, सगळ्याला हाच उपाय. आपल्याकडे दह्यात, पातळ वरणात किंवा नाचणीच्या सत्वात कालवलं की तेच काम होतं. आणि तरीही बाळाने नाकारलं तर एक पायरी मागे यायचं, दोन-चार दिवसांनी पुन्हा पुढे जायचं. उलटं टोकही आहे. तुकडे बाळ न चावता गटागट गिळत असेल, तर ते फार कडक आहेत किंवा इतके मऊ आणि बारीक आहेत की चावायची गरजच पडत नाही.

रेंगाळण्याची किंमत जपानबाहेरही मोजली गेली आहे. ब्रिटनमध्ये एव्हन भागातल्या हजारो मुलांच्या दीर्घ अभ्यासात दिसलं, की नऊ महिन्यांनंतर पहिल्यांदा गाठींचं अन्न मिळालेल्या मुलांमध्ये पुढे खाण्याच्या तक्रारी अधिक होत्या. सातव्या वर्षीही ती मुलं भाज्या-फळं कमी खात होती. मुलगा खात नाही म्हणून वर्षभर सगळं घोटूनच घालणाऱ्या घरांनी हे जरूर ऐकावं.

इथल्या आयांचं सगळ्यात शहाणं काम मला वाटतं ते म्हणजे घरच्याच पातेल्यातून बाळाचं काढून घेणं. मिसो किंवा सोया सॉस घालण्याआधी सूपमधला मुळा, भोपळा, तोफू वेगळा काढतात आणि बाळाच्या टप्प्याप्रमाणे कुस्करतात. आपण फोडणीआधी वरण काढून ठेवतो, तसंच. वेगळा स्वयंपाक नाही, आणि मोठ्यांची भाजी बाळाला वासाने ओळखीची होते.

नऊ महिन्यांपासून हाताने खाऊ देतात. गाजराची उकडलेली काडी, भाताचा छोटा गोळा, पावाचा तुकडा. खुर्चीखाली वर्तमानपत्र अंथरलेलं असतं, पाय अधांतरी लोंबू नयेत म्हणून पायाखाली आधार असतो. हाताने उचलून, दाताने तोडून, तोंडात किती मावतं हे बाळ स्वतः शिकतं. भरवणारा माणूस हे शिकवू शकत नाही. काऊचा घास, चिऊचा घास म्हणत आपण छान भरवतो, पण त्यात घासाचं माप कायम आईचंच राहतं. मोबाइल दाखवून भरवलं तर बाळाला घास आला-गेला तेही कळत नाही.

ठसक्याची भीती सगळ्यांनाच असते, आणि ती पूर्ण खोटी नाही. नवीन तुकडा जिभेवर मागे गेला की बाळ उबळ काढतं, लाल होतं, खोकतं. बहुतेक वेळा तो घास ते स्वतःच पुढे आणतं. आवाज बंद झाला, श्वास अडला, तर तो खरा धोका. म्हणून काही गोष्टी इथे टप्प्यांच्या बाहेरच ठेवल्या आहेत. फेब्रुवारीत सेत्सुबुनच्या सणाला भाजलेले सोयाबीन उधळून ते खायची रीत आहे. २०२० साली त्या दिवशी मात्सुए शहरात चार वर्षांचं एक मूल दाणा अडकून दगावलं. २०२१ मध्ये ग्राहक व्यवहार खात्याने बजावलं, की पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना कडक दाणे आणि सुकामेव्याचे दाणे देऊच नयेत. आपल्या शेंगदाण्या-फुटाण्यांनाही हे लागू आहेच. मधाचंही तसंच. २०१७ मध्ये टोकियोत सहा महिन्यांचं बाळ रसात मिसळून दिलेल्या मधामुळे बोट्युलिझम होऊन गेलं. वर्ष पूर्ण होईपर्यंत मधाचा थेंबही नाही, हे इथे मधाच्या बाटलीवरच छापलेलं असतं. गुटी मधात उगाळणाऱ्या आपल्या घरांना हे सांगताना मला संकोच होतो, पण सांगायला हवं.

या व्यवस्थेची दुसरी बाजूही आहे. तक्त्यात प्रत्येक टप्प्याला ग्रॅम दिले आहेत: सात-आठ महिन्यांच्या बाळाला एका वेळी पेज ५० ते ८० ग्रॅम, भाजी-फळं २० ते ३०, मासा १० ते १५. हे फक्त अंदाजासाठी आहे असं मार्गदर्शिका म्हणते, पण काटा घेऊन १२ ग्रॅम मासा मोजणारी आई मी पाहिली आहे, आणि त्या बाईला झोपेची गरज माशापेक्षा जास्त होती. रविवारी भाज्या शिजवून, घोटून बर्फाच्या साच्यात गोठवायच्या आणि आठवडाभर एकेक ठोकळा काढायचा, हे तिचं वेळापत्रक. बाबा लोक अलीकडे या वर्गांना येतात, तरी साचे भरणारे हात बहुतेक आईचेच. तयार बाळअन्न वापरायला सरकारची ना नाही, मार्गदर्शिकेत ते कसं निवडावं यावर टिपणही आहे. आड येते ती घरच्या हातचंच हवं ही मनातली टोचणी. त्या बाजारातही सगळं स्थिर नाही. १९६० पासून बाळांचं खाणं करणाऱ्या क्युपी कंपनीने ते २०२६ च्या ऑगस्टअखेर बंद करण्याचा निर्णय २०२५ मध्ये जाहीर केला. २०२४ मध्ये या देशात सात लाखांपेक्षाही कमी बाळं जन्मली, तेव्हा त्यामागचं एक कारण तरी फार शोधावं लागत नाही.

आपल्या मंडळींची खरी कसोटी पाळणाघरात लागते. पाळणाघरं सहसा घरी आधी खाऊन न पाहिलेला पदार्थ बाळाला देत नाहीत. पालकांना पदार्थांची एक लांब यादी मिळते आणि खाल्लेल्यापुढे खूण करून परत द्यायची असते. तोफू, आंबवलेल्या सोयाबीनचं नात्तो, चिमुकले शिरासु मासे, हिजिकी शेवाळ, उदोन नूडल्स. अलर्जीच्या दृष्टीने ही शिस्त चांगलीच आहे. पण शाकाहारी मराठी घराची अर्धी यादी कोरी राहते, आणि नाचणी, मूगडाळ, तूरडाळ यांना त्यात रकानाच नसतो. एका आईने शेवटी कोऱ्या जागेत जपानीत ‘डाळ, दाट, दाण्यासकट’ असं लिहून दिलं. दुसऱ्या दिवशी पाळणाघराच्या निरोपाच्या वहीत पोषणतज्ज्ञाचा प्रश्न आला: डाळीचा दाणा जिभेने चिरडला जातो, की हिरडीने?