अनुशेष म्हणजे राज्याचा बॅकलॉग : विकास मंडळांचं गणित

नमस्कार मंडळी! पेठ वडगावातून मी परत तुमच्या इअरफोनमध्ये. ज्यांचा भाग ऐकायचा राहिला, त्यांच्यासाठी हे लिहून देतोय. आजचा विषयही मंडळच आहे, वैधानिक विकास मंडळ.

इंजिनिअरिंग केलेल्यांना बॅकलॉग सांगायला नको. विषय राहिला की पुढच्या सेमिस्टरला डोक्यावर बसतो. जिल्ह्यांचंही तसंच. रस्ते, सिंचन, शाळा, दवाखाने यांत राज्याची सरासरी काढायची. जो जिल्हा तिच्या खाली, त्याला तिथवर आणायला लागणारा खर्च म्हणजे अनुशेष.

१९८४ मध्ये दांडेकर समितीनं तो मोजला. आकडा आला सुमारे ३,१८७ कोटी रुपये. पुढच्या समितीनं १९९४ ची स्थिती धरून मोजला, तेव्हा तो सुमारे १४,००७ कोटी झाला. त्यात विदर्भ ६,६२४, मराठवाडा ४,००५ आणि उर्वरित महाराष्ट्र ३,३७८ कोटी. आपण कोल्हापूरवाले या 'उर्वरित'मध्ये येतो.

आता मंडळं कशासाठी? संविधानाच्या कलम ३७१(२) नुसार राज्यपालांवर विशेष जबाबदारी देता येते. विकासाचा पैसा तिन्ही विभागांत न्याय्य वाटला जावा, तंत्रशिक्षण आणि सरकारी नोकरीची संधीही सगळीकडे नीट मिळावी, हे त्यांनी बघायचं. १९९४ मध्ये तीन मंडळं झाली. लोकांना वाटतं, मंडळ म्हणजे पैशाची तिजोरी. तसं नाही. त्याचं मुख्य काम हिशेब ठेवायचं : कोण किती मागे आहे, खर्च पुरतोय का, हे तपासून दरवर्षी अहवाल विधिमंडळापुढे जाणार.

३० एप्रिल २०२० ला मंडळांची मुदत संपली. सप्टेंबर २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं ती पुन्हा स्थापन करायचं ठरवलं. पण मंत्रिमंडळानं ठरवलं म्हणजे मंडळ बसलं असं होत नाही, त्याला राष्ट्रपतींचा आदेश लागतो.

मग आपलं काय अडलं? बघा, 'उर्वरित'मध्ये मुंबई आणि पुणे पण आहेत, आणि डोंगरातला गगनबावडा, दुष्काळी जत पण. सगळ्यांची मिळून सरासरी काढली की चित्र झकास दिसतं. सर्व्हर चालवणाऱ्याला हे माहीत असतं : सरासरी वेळ छान असली तरी एखाद्या युजरचं पेज उघडतच नसतं. म्हणून प्रत्येकाची वेगळी नोंद बघावी लागते. केळकर समितीच्या २०१३ च्या अहवालानंतर तर तालुका हा घटक धरायची चर्चाही झाली.

मॉनिटरिंग बंद केलं म्हणून बिघाड थांबत नाही, फक्त दिसायचा थांबतो. अनुशेष कमी झाला का वाढला, हे मोजणारं कुणी नसेल तर गगनबावड्याच्या पोरानं हक्क मागायचा तो कुठला आकडा दाखवून?

तुमच्या तालुक्यात नेमकं काय मागं राहिलंय? व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात ऐकवतो. चला, भेटू!