दुपट्याचं कापड

बाळंतविडा हल्ली दुकानात तयार मिळतो. झबलं, टोपडं, लंगोट, कुंची, दुपटं, सगळं एका रंगाचं, पारदर्शक पिशवीत घडी घालून ठेवलेलं. देणाऱ्याची सोय होते, हे खरं. पण त्यातलं दुपटं हातात घेऊन पाहावं. वरचं कापड बहुधा पॉलिएस्टरचं आणि आतलं भरणही त्याचंच. आपल्या आज्या-पणज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पाळलेल्या नेमाच्या हे अगदी उलट आहे. त्यांचा नेम साधा होता: बाळाच्या अंगाला पहिलं कापड जुनं लागायला हवं.

त्यामागे नुसती काटकसर नव्हती. वर्षानुवर्षं धुतलेल्या सुती लुगड्यातली खळ केव्हाच निघून गेलेली असते, सुताचा पीळ सैल पडलेला असतो. ते टोचत नाही, ओल चटकन टिपतं आणि उन्हात तासाभरात वाळतं. हा मऊपणा नव्या कापडाला विकत आणता येत नाही, तो वापरूनच यावा लागतो. नऊवारी लुगडं म्हणजे सव्वाआठ मीटर. त्याचे मीटरभराचे आठ तुकडे होतात, दोन पदरी शिवली तर चार दुपटी. विरलेला भाग लंगोटांना जायचा, आणि काठ कापून मोठ्या गोधडीच्या कडेला लागायचे. एका लुगड्यात बाळाचे पहिले काही महिने निघायचे.

शिवण्याची रीत पाहण्यासारखी आहे. गोधडी, कुठे तिला वाकळ म्हणतात, जमिनीवर अंथरून शिवतात. शिवणारी बाई तिच्यावरच बसते, त्यामुळे थर सरकत नाहीत आणि चौकटीची गरज पडत नाही. आधी लांब कच्चे टाके घालून पदर एकमेकांना धरून घ्यायचे. मग एका कोपऱ्यातून धावदोरा सुरू करून कडेकडेनं चारी बाजू फिरायच्या आणि आत आत यायचं. शेवटचा टाका मधोमध पडतो. टाका बारीक आणि ओळी जवळ असल्या की आतला विरलेला थर धुताना गोळा होत नाही. ओळी दाट घालण्याचं खरं कारण हे आहे, नक्षी ही नंतरची गोष्ट. शेतीची कामं आटोपली की पावसाआधीच्या उन्हाळ्यात हे काम निघायचं, आणि नवरात्र बसण्यापूर्वी घरातल्या सगळ्या गोधड्या नदीवर जायच्या.

हा नेम आपल्यापुरता नाही. शेजारच्या कर्नाटकात, उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या यल्लापूर-हल्याळकडे, आफ्रिकी वंशाच्या सिद्दी बायका कवंदी शिवतात. तीही कडेकडून आत येते. कोपऱ्यांना त्या दुमडलेल्या कापडाचे त्रिकोण लावतात, त्यांना फुला म्हणतात. पाळण्यातल्या मुलासाठीच्या छोट्या कवंद्या फार देखण्या असतात. या सिद्दींची बोली कोकणीच्या घरातली, म्हणजे आपल्याला परकी नाही. बिहारातली सुजनी तर नवजात बाळाला गुंडाळण्यासाठीच शिवली जायची, जुन्या साड्या आणि धोतरं एकावर एक ठेवून. तिथे चिंध्यांची देवी आहे, चितिरिया माँ. बंगालात कांथा आहे. जसीमउद्दीन यांच्या १९२९ सालच्या दीर्घकाव्यानं नक्षी कांथा साहित्यात नेली. सुजनी आणि नक्षी कांथा या दोघींना भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. मुंबईच्या गीता खंडेलवाल यांनी महाराष्ट्रातल्या गोधड्यांवर इंग्रजीत पुस्तक केलं, तेही जरूर पाहावं.

मग आपल्या घरांतून दुपटं शिवणं का गेलं? बायकांना वेळ नाही, हौस नाही, असं सर्रास म्हटलं जातं. मला ते पटत नाही. कमी पडलं ते कापड. टेरिलीन आणि नायलॉन आलं, नऊवारी जाऊन पाचवारी आली, आणि तीही पुढे सिंथेटिक झाली. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईत गिरणी संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि गोधडीच्या पोटात जाणारं धोतर, मांजरपाट विणणाऱ्या कितीतरी गिरण्या पुन्हा धड चालल्याच नाहीत. उरलंसुरलं जुनं कापड स्टीलच्या डब्याच्या बदल्यात बोहारणीकडे गेलं. सिंथेटिक साडी कितीही वापरली तरी मऊ सुतासारखी होत नाही, घाम टिपत नाही, आणि बाळंतिणीच्या शेगडीजवळ ती धोक्याची असते.

जुनं ते सगळंच राखावं, असं मात्र मी म्हणणार नाही. अमेरिकेत १९९४ साली बाळाला पाठीवर झोपवण्याची देशव्यापी मोहीम निघाली आणि पुढच्या काही वर्षांत झोपेत अचानक होणारे बालमृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. पहिलं वर्षभर झोपताना उशी नको, अंगावर सैल पांघरूण नको, खालची गादी घट्ट हवी, असं बालरोगतज्ज्ञ सांगतात. डोकं गोल व्हावं म्हणून आपण करत आलो ती मोहरीची उशी म्हणूनच सोडून द्यावी. जागेपणी बाळाला पालथं घालून खेळवलं की डोक्याचा चपटेपणा बहुतेकदा कमी होतो. थंडी असेल तर झबल्यावर झबलं चढवावं. दुपट्याचं काम त्यानं संपत नाही. अंघोळीनंतर गुंडाळायला, मांडीवर घ्यायला, पालथं घालून खेळवायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही.

शिवताना काही गोष्टी पाळाव्यात. कापड सुती आहे का, हे दोरा जाळून पाहावं: सुती दोऱ्याची राख होते, पॉलिएस्टरचा कडक मणी. कापड गरम पाण्यातून काढून कडक उन्हात वाळवावं. टिकल्या, आरसे, बटणं लावू नयेत. गाठी आतल्या बाजूला घ्याव्यात आणि दोरा कुठेही लांब सुटा ठेवू नये. सुटा दोरा बाळाच्या पायाच्या बोटाला वेढा घालतो आणि बोट सुजेपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही.

घरात बाळ येणार असेल तर या दिवाळीत कपाट आवरताना आई-आजीच्या दोन सुती साड्या बाजूला काढून ठेवा. हातानं शिवणं जमत नसेल तर गोधड्या शिवून देणाऱ्या बायका अजून गावोगावी आणि शहरांतही आहेत. कापड त्यांच्याकडे द्या, आणि मजुरीत घासाघीस करू नका.